पार्टनर व्हिसाचा निकाल येण्याआधी मेडिकेअर कसं मिळवायचं: नागपूरहून ऑस्ट्रेलियात जाणाऱ्या जोडीदारांसाठी

लग्न करून मेलबर्न, सिडनी किंवा ब्रिस्बेनला जाणाऱ्या नागपूरकर मुलामुलींच्या घरी एक समजूत पक्की असते: पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, हातात पडल्याशिवाय तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही. या समजुतीपायी लोक वर्ष-दोन वर्षं महागडा खासगी विमा भरत राहतात, दुखणं अंगावर काढतात, रक्त तपासायचं असेल तर दिवाळीत नागपूरला आल्यावर करू म्हणून थांबतात. मेडिकेअर ही ऑस्ट्रेलियाची सरकारी आरोग्य विमा योजना १ फेब्रुवारी १९८४ पासून सुरू आहे आणि ती कुणाला लागू होते हे १९७३ च्या हेल्थ इन्शुरन्स ॲक्टमध्ये ठरवून दिलं आहे. त्या कायद्यानुसार ऑस्ट्रेलियन नागरिकाच्या किंवा पीआर असलेल्या माणसाच्या जोडीदाराने तिथे राहून पीआरचा अर्ज केला, की पात्रता अर्जापासूनच सुरू होते. निकालाची वाट पाहावी लागत नाही. मात्र कुठल्या व्हिसावर, कुठून आणि कधी अर्ज केला यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून पायऱ्या क्रमानेच चढा.

१. तुम्ही कोणत्या गटात आहात ते आधी ठरवा

तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. तुम्ही वैध व्हिसावर ऑस्ट्रेलियात राहत असला पाहिजे. पीआरचा अर्ज दाखल झालेला आणि अजून निकाली न निघालेला असला पाहिजे. आणि तुमच्याकडे कामाची परवानगी तरी हवी, किंवा नवरा, बायको, आई, वडील, मूल यांपैकी कुणीतरी ऑस्ट्रेलियन नागरिक, पीआरधारक किंवा तिथे राहणारं न्यूझीलंडचं नागरिक असायला हवं. पार्टनर व्हिसावाल्यांची तिसरी अट लग्नामुळेच पूर्ण होते, त्यामुळे नोकरीची परवानगी आहे की नाही यावर घोडं अडत नाही.

आता आपला गट शोधा. खालचे आकडे म्हणजे व्हिसाच्या प्रकारांचे (सबक्लासचे) क्रमांक.

ऑस्ट्रेलियात असताना ८२०/८०१ या पार्टनर व्हिसाचा अर्ज केला असेल, तर अर्ज वैध म्हणून दाखल झाल्यापासून तुम्ही पात्र. ८२० हा तात्पुरता आणि ८०१ हा कायमचा टप्पा असला तरी दोन्हींचा अर्ज आणि फी एकच असते. त्यामुळे ८२० मागितला म्हणजे पीआरही मागितला असं धरलं जातं.

नागपुरातून ३०९/१०० या, ऑस्ट्रेलियाबाहेरून मागायच्या पार्टनर व्हिसाचा (३०९ तात्पुरता, १०० कायमचा) अर्ज केला असेल, तर इथे बसून मेडिकेअर मिळत नाही. ३०९ मंजूर होऊन तुम्ही तिकडे राहायला गेलात, की विमानतळावर उतरल्यापासून पात्रता सुरू. १०० चा टप्पा अजून बाकी आहे, हे आड येत नाही. मधल्या काळात भेटीच्या व्हिसावर नवऱ्याकडे जाऊन येणार असाल, तर त्या भेटीसाठी विमा काढूनच जा.

लग्नाआधी ३०० या, लग्न ठरलेल्यांसाठीच्या व्हिसावर गेला असाल, तर त्या व्हिसामुळे मेडिकेअर मिळत नाही. तिथे लग्न करून ८२० चा अर्ज भरलात की मगच. म्हणून लग्नाची तारीख आणि अर्जाची तारीख यांच्यात उगाच महिने जाऊ देऊ नका.

नुसत्या भेटीच्या व्हिसावर असाल, म्हणजे सबक्लास ६००, तर काहीच नाही. ब्रिटन, इटली, स्वीडन अशा काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्य करार आहे आणि तिथल्या पाहुण्यांना मर्यादित मेडिकेअर मिळतं. भारताशी असा करार नाही.

नवरा किंवा बायको स्वतःच ४८२ च्या वर्क व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल आणि तुम्ही त्यांचे अवलंबित म्हणून गेला असाल, तर हा लेख तुम्हाला लागू नाही. जोडीदाराच्या कंपनीने पीआरसाठी नामांकन दिलं, किंवा एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट, म्हणजे इच्छा नोंदवणारा फॉर्म, भरला, एवढ्याने पीआरचा अर्ज झाला असं होत नाही. प्रत्यक्ष व्हिसा अर्ज दाखल व्हावा लागतो. पार्टनर व्हिसातही असंच आहे: जोडीदाराने भरायचा स्पॉन्सरशिपचा फॉर्म हा तुमचा अर्ज नव्हे.

२. नागपूर सोडण्याआधीची कागदपत्रं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तिकडे गेल्यावर एखादा कागद मागवायचा म्हणजे आईवडिलांना झोन कार्यालयात चकरा माराव्या लागतात. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिलं, विवाह नोंदणी प्रमाणपत्र. मंगल कार्यालयाची पावती, पत्रिका आणि अल्बम नातं खरं आहे हे पटवायला उपयोगी पडतात, पण मेडिकेअरला लग्नाचा पुरावा म्हणून सरकारी प्रमाणपत्रच लागतं. नागपूर शहरात ही नोंदणी महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात होते. लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी असे दहा झोन आहेत. कोणता झोन आणि कोणते पुरावे लागतील ते आधी विचारून जा आणि साक्षीदारांना मूळ ओळखपत्रं घेऊन सोबत न्या. लग्न काटोल, उमरेड, कामठी अशा गावी झालं असेल, तर नोंदणी तिथल्या नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत होते. दोघांपैकी एक जण पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेला असतो, म्हणून लग्नाच्या आठवड्यातच हे काम उरका. मुलगा परत गेला की त्याच्या सहीसाठी सगळं अडून बसतं.

प्रमाणपत्र हातात घेताच त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग दोघांच्या पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर काउंटरवरून हलण्याआधी दुरुस्तीचा अर्ज द्या.

दुसरं, नाव. आपल्याकडे मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत, आणि लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. मग पासपोर्टवर माहेरचं नाव, विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं, आधारवर सासरचं नाव आणि बँकेत तिसरंच काहीतरी, अशी अवस्था होते. व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने निघतो आणि मेडिकेअर व्हिसाच्या नोंदीशी जुळणी करतं. जुळलं नाही की ऑनलाइन अर्ज ओळख पटत नाही म्हणून थांबतो. सल्ला एकच: व्हिसाचा अर्ज भरण्याआधी ठरवा, माहेरचं नाव ठेवायचं की बदलायचं. बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट नवा करून घ्या, मग व्हिसा. माहेरचं नाव तसंच ठेवलं तरी कुठेही अडचण येत नाही. नवऱ्याचं नाव लावलं नाही म्हणून व्हिसा अडतो, असं कुणी सांगितलं तर ते साफ चुकीचं आहे.

तिसरं, भाषांतर. जो दाखला फक्त मराठीत किंवा हिंदीत आहे त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. मनपाचं प्रमाणपत्र बहुतेकदा मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत असतं, तेव्हा आधी नीट बघा. ऑस्ट्रेलियात करून घेणार असाल, तर नाटी या संस्थेची मान्यता असलेल्या भाषांतरकाराकडूनच घ्या. मेडिकेअरच्या नोंदणीसाठी अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घेतलेला सरकारी शिक्का, लागत नाही. त्याच्या नावाखाली हजारो रुपये मागणारे दलाल सीताबर्डीत सापडतील, त्यांना नम्रपणे नको म्हणा.

चौथं, वैद्यकीय कागद. ऑस्ट्रेलियात प्रत्येक नवा डॉक्टर जुना इतिहास विचारतो. चालू औषधांचं प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, औषधाच्या जेनेरिक नावासह आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह घ्या, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथे कुणाला ठाऊक नसतात. स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं प्रिस्क्रिप्शनसोबत नेता येतात, त्याहून जास्त नेऊ नका. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्सला उपचार झाले असतील तर डिस्चार्ज कार्डाची प्रत काढून ठेवा. लसींच्या नोंदीही न्या. तिथला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, त्या ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरमध्ये चढवतो, म्हणजे त्याच लसी पुन्हा टोचाव्या लागत नाहीत.

विदर्भातल्या लोकांनी आणखी एक कागद जरूर न्यावा: सिकलसेलच्या तपासणीचा अहवाल. हा आजार आपल्या भागात बऱ्याच समाजांत आढळतो आणि वाहक असलेल्या माणसाला स्वतःला काहीच त्रास होत नसल्याने तो विसरला जातो. शिबिरात होणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या सविस्तर रक्ततपासणीचा अहवाल हवा. गरोदरपणात जोडीदारही वाहक आहे का हे लवकर कळणं फार महत्त्वाचं असतं, आणि तिथल्या एखाद्या डॉक्टरला नागपूरच्या माणसाला हा प्रश्न विचारायचं सुचेलच असं नाही. तुम्हीच सांगा.

३. अर्ज दाखल होईपर्यंतचा विमा

३०९ मंजूर होऊन गेलेले सोडले, तर पोहोचल्याच्या दिवसापासून व्हिसाचा अर्ज दाखल होईपर्यंत तुमच्याकडे मेडिकेअर नसणार. सरकारी रुग्णालय तातडीचा उपचार नाकारत नाही, पण बिल पूर्ण येतं, आणि अपेंडिक्सच्या ऑपरेशनचं बिलसुद्धा घरच्यांची झोप उडवेल इतकं असतं.

भारतातली मेडिक्लेम पॉलिसी, त्यात परदेशी उपचारांचं कलम वेगळं लिहिलेलं नसेल तर, तिथे उपयोगाची नाही. प्रवास विमा चालतो, पण आधीपासूनच्या आजारांबद्दलचं कलम वाचा. मधुमेह, थायरॉइड, दमा असं काही असेल तर ते फॉर्मवर लपवू नका, दावा करायच्या वेळी तेच अंगाशी येतं. जास्त काळ थांबायचं असेल, तर ऑस्ट्रेलियन कंपन्यांचा ओव्हरसीज व्हिजिटर्स हेल्थ कव्हर घेता येतो. त्यात बाळंतपण आणि जुन्या आजारांसाठी साधारणपणे १२ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो. म्हणजे गरोदर असताना काढलेल्या पॉलिसीतून प्रसूतीचा खर्च निघत नाही. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या जोडप्यांनी व्हिसाच्या अर्जाची तारीख लवकर का धरावी, त्याचं हे मोठं कारण आहे.

तुमच्या सध्याच्या व्हिसाच्या पत्रावर ८५०१ ही अट लिहिलेली असेल, तर विमा चालू ठेवणं बंधनकारक आहे. मेडिकेअर मिळालं म्हणून तो रद्द करण्याआधी अटी तपासा. विद्यार्थी व्हिसावर असताना पार्टनर व्हिसाचा अर्ज केलेल्यांनी तर विद्यार्थी व्हिसा संपेपर्यंत विद्यार्थ्यांचा विमा बंद करूच नये.

भेटीच्या व्हिसावर जाऊन तिथूनच ८२० भरायचा बेत असेल, तर पत्रावर ८५०३ ही अट आहे का ते जाण्याआधीच बघा. ती असली तर ऑस्ट्रेलियात राहून ८२० चा अर्ज करता येत नाही, आणि मग मेडिकेअरचा प्रश्नच उद्भवत नाही. अटी कळत नसतील तर मारा या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नोंदणीतल्या मायग्रेशन एजंटला विचारा. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत कुणालाही तपासता येतो. व्हॉट्सॲपवरच्या ‘आमच्या ओळखीतल्या दादां’वर विसंबून राहू नका.

४. व्हिसाचा अर्ज दाखल झाल्यावर कोणतं पत्र जपायचं

अर्ज इमीअकाउंट या सरकारी संकेतस्थळावर भरला जातो. १ जुलै २०२५ पासून पार्टनर व्हिसाची फी ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर होती. ती दरवर्षी जुलैत बदलते, म्हणून भरण्याआधी चालू आकडा पाहा. फी भरली गेली की खात्यात अर्ज वैध असल्याची पोच दिसते. त्यावर तुमचं नाव, अर्जाची तारीख आणि व्हिसाचा सबक्लास असतो. हे पत्र म्हणजे मेडिकेअरची किल्ली. पैसे भरल्याची पावती म्हणजे ते पत्र नव्हे. लोक पावती जोडतात आणि अर्ज परत येतो.

ऑस्ट्रेलियातून अर्ज करणाऱ्यांना सोबत ब्रिजिंग व्हिसा ए, म्हणजे निकाल लागेपर्यंत तिथे राहू देणारा व्हिसा, याचं पत्रही मिळतं. हा ब्रिजिंग व्हिसा लगेच लागू होत नाही. आधीचा व्हिसा संपला की तो सुरू होतो. तोवर तुम्ही आधीच्याच व्हिसावर असता, आणि व्हिवो या सरकारी तपासणीत तोच दिसतो. घाबरू नका, अर्ज चुकलेला नाही. मेडिकेअरलाही तेवढं पुरतं: चालू व्हिसा आणि वैध अर्जाची पोच.

एक कळकळीची सूचना. इमीअकाउंट नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ईमेलवर काढलं असलं, तरी प्रत्येक पत्राची प्रत तुमच्या स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. अर्जदार तुम्ही आहात, कागद तुमचे आहेत.

५. मेडिकेअरची नोंदणी

दोन रस्ते आहेत. एक मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडून त्यात मेडिकेअर जोडायचं आणि नोंदणीचा पर्याय निवडून कागद अपलोड करायचे. दुसरा म्हणजे एमएस००४ हा फॉर्म भरून कागदांसह पाठवायचा किंवा मेडिकेअर चालवणाऱ्या सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाच्या केंद्रात नेऊन द्यायचा. ओळख पटत नाही म्हणून ऑनलाइन अर्ज एकदा अडला, तर पुन्हापुन्हा तोच भरत बसण्यापेक्षा फॉर्मचा रस्ता धरा.

सोबत लागणारे कागद:

- तुमचा चालू पासपोर्ट, फोटोचं पान स्पष्ट दिसेल असा रंगीत स्कॅन
- सध्याच्या व्हिसाचं पत्र, आणि असल्यास ब्रिजिंग व्हिसाचं पत्र
- पीआरचा अर्ज वैध असल्याची पोच, किंवा ३०९ मंजूर झाला असेल तर त्याचं ग्रँट लेटर
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र, गरज असेल तिथे भाषांतरासह
- जोडीदाराच्या नागरिकत्वाचा किंवा पीआरचा पुरावा: ऑस्ट्रेलियन पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र किंवा पीआरचं पत्र
- जोडीदार ऑस्ट्रेलियात राहतो याचा पुरावा: घरभाड्याचा करार, विजेचं बिल, पगाराची स्लिप
- ऑस्ट्रेलियन बँक खात्याचा तपशील, कारण परतावा त्यातच जमा होतो

जोडीदाराच्या कागदांचीच सर्वांत जास्त हयगय होते. अर्ज माझा, तर कागदही माझेच, असं वाटतं. पण तुमची पात्रता त्यांच्या दर्जावर उभी आहे, म्हणून त्यांचे कागद नसले की फाइल पुढे सरकत नाही.

इंग्रजीत फोनवर बोलायला संकोच वाटत असेल, तर टीआयएस नॅशनलच्या १३१ ४५० या क्रमांकावर दुभाषा मागता येतो. मेडिकेअरचा चौकशी क्रमांक १३२ ०११.

पात्रता व्हिसाच्या अर्जाच्या तारखेपासून (३०९ वाल्यांची तिथे उतरल्यापासून) धरली जाते, कार्ड छापलं त्या दिवसापासून नाही. मधल्या दिवसांत डॉक्टरकडे जाऊन पैसे भरले असतील तर तपशीलवार पावत्या सांभाळा आणि कार्ड आल्यावर परतावा मागा. याच काळात रुग्णालयात जायची वेळ आली, तर बिलाच्या खिडकीवर व्हिसा अर्जाची पोच आणि मेडिकेअर नोंदणीचा पुरावा दाखवा आणि नोंदणी होईपर्यंत बिल थांबवायची विनंती करा.

६. निळं कार्ड

नागरिक आणि पीआरधारकांना हिरवं कार्ड मिळतं, तुम्हाला निळं मिळेल. त्यावर ते अंतरिम असल्याचं छापलेलं असतं. सेवा दोन्हींवर सारख्याच. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने निळं कार्ड बघून चालणार नाही म्हटलं, तर शांतपणे सांगा की हे अंतरिम कार्ड आहे, परस्पर करारवाल्यांचं पिवळं नव्हे.

निळ्या कार्डाला मुदत असते आणि पार्टनर व्हिसाचे दोन टप्पे पूर्ण व्हायला त्याहून जास्त काळ लागू शकतो. कायमच्या टप्प्याची तपासणी सर्वसाधारणपणे पहिल्या अर्जाच्या तारखेनंतर दोन वर्षांनी होते. म्हणून कार्डावरची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून टाका. नूतनीकरणाला अर्ज अजून प्रलंबित असल्याचा पुरावा मागतात. मुदत संपलेलं कार्ड घेऊन सोनोग्राफीला गेलात, तर पूर्ण पैसे भरून यावं लागतं.

७. कार्ड आल्यावर डॉक्टरकडे कसं जायचं

रामदासपेठ किंवा धंतोलीत आपण पाठ दुखली की सरळ अस्थितज्ज्ञाच्या दारात उभे राहतो. तिथे हे चालत नाही. आधी जीपी, मग त्याची चिठ्ठी, मग तज्ज्ञ. चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे गेलात तर मेडिकेअर तज्ज्ञाच्या दराने परतावा देत नाही. जीपीची चिठ्ठी साधारणपणे पहिल्या भेटीपासून १२ महिने चालते. तज्ज्ञाने दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं तर ती ३ महिनेच.

भेट ठरवताना फोनवरच विचारा: तुम्ही बल्क बिल करता का? बल्क बिलिंग म्हणजे डॉक्टर थेट मेडिकेअरकडून पैसे घेतो, तुमच्या खिशातून काही जात नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून मेडिकेअर असलेल्या प्रत्येक रुग्णाला बल्क बिल केल्यास डॉक्टरला प्रोत्साहन रक्कम मिळते. तरी सगळे दवाखाने तसं करतात असं नाही. जिथे करत नाहीत तिथे तुम्ही पूर्ण फी भरता आणि सरकारी दरपत्रकातली रक्कम परत मिळते: जीपीसाठी दरपत्रकाच्या १०० टक्के, रुग्णालयाबाहेर तज्ज्ञाला दाखवलं तर ८५ टक्के. डॉक्टर दरपत्रकापेक्षा जास्त फी घेतो ती वरची रक्कम तुमची.

सरकारी रुग्णालयात सरकारी रुग्ण म्हणून दाखल झालात तर उपचार आणि बाळंतपण मोफत. दाखल होताना खासगी रुग्ण म्हणून नोंदवायचं का असा प्रश्न येतो, त्यावर न समजता सही करू नका.

औषधं मेडिकेअर कार्ड दाखवून पीबीएस या सरकारी औषध-सवलत योजनेच्या दराने मिळतात. यादीतल्या औषधासाठी १ जानेवारी २०२६ पासून सर्वसाधारण माणसाला प्रिस्क्रिप्शनमागे जास्तीत जास्त २५ डॉलर द्यावे लागतात.

काय मिळत नाही तेही लक्षात घ्या. मोठ्या माणसांच्या दातांचे बहुतेक उपचार, चष्मा, खासगी रुग्णालयाची खोली आणि ॲम्ब्युलन्स. डोळे तपासणं मात्र मिळतं. ॲम्ब्युलन्सचा नियम राज्यागणिक वेगळा आहे. क्वीन्सलँड आणि टास्मानियात तिथल्या रहिवाशांना ती मोफत, व्हिक्टोरियात वर्गणी भरून सदस्य व्हावं लागतं. मेलबर्नला जाणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ही वर्गणी भरावी. दात नागपूर सोडण्याआधीच दाखवून घ्या.

आणि हो, मेडिकेअरचा सेफ्टी नेट खर्च वाढल्यावर परतावा वाढवतो, पण नवरा-बायकोचा खर्च एकत्र मोजला जावा असं वाटत असेल तर कुटुंब म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती आपोआप होत नाही.

८. टॅक्समधला खड्डा

मेडिकेअर लेव्ही हा या योजनेसाठीचा कर, करपात्र उत्पन्नाच्या २ टक्के. आर्थिक वर्ष तिथे १ जुलै ते ३० जून. वर्षातले जेवढे दिवस तुम्ही मेडिकेअरला पात्र नव्हता, तेवढ्या दिवसांची सूट मागता येते. पण त्यासाठी सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाकडून मेडिकेअर एन्टायटलमेंट स्टेटमेंट काढावं लागतं. ते नसताना रिटर्नमध्ये सूट टाकू नका.

यापेक्षा अनपेक्षित असतो तो सरचार्ज. २०२५-२६ साठी जोडप्याचं एकत्रित उत्पन्न २,०२,००० डॉलरच्या वर असेल आणि खासगी हॉस्पिटल कव्हर नसेल, तर १ ते १.५ टक्के जादा भरावे लागतात. तुम्ही मेडिकेअरला पात्र होण्याआधी घेतलेला व्हिजिटर्स कव्हर या कामी धरला जात नाही. ३१ वर्षं ओलांडलेल्यांनी आणखी एक तारीख पाळावी: मेडिकेअरमध्ये नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत खासगी हॉस्पिटल कव्हर घेतला तर वयानुसार वाढणारा २ टक्के प्रतिवर्ष अधिभार लागत नाही. घ्यायलाच हवा असं नाही, पण निर्णय त्या वर्षात करा.

९. मध्येच नागपूरला यायचं असेल

ब्रिजिंग व्हिसा ए चालू असताना देश सोडला की तो संपतो आणि परत जायला व्हिसाच उरत नाही. निघण्याआधी, बाहेर जाऊन परत येऊ देणारा ब्रिजिंग व्हिसा बी मागा आणि तो मंजूर झाल्यावरच तिकीट काढा. घरी कुणी अत्यवस्थ असलं की लोक हेच विसरतात. म्हणून ही गोष्ट सासर-माहेर दोन्हीकडे आधीच सांगून ठेवा.

मेडिकेअर ऑस्ट्रेलियाबाहेर चालत नाही. सुट्टीत नागपूरला आल्यावर डेंग्यू झाला तर खर्च तुमचा, तेव्हा प्रवास विमा घ्या. बाळंतपणाला मदतीसाठी येणाऱ्या आईलाही मेडिकेअर मिळत नाही, आणि पालक व्हिसाचा अर्ज केला म्हणूनही नाही: कायद्याने तो अर्ज वगळलेला आहे. त्यांचा विमा इथून निघतानाच काढा. बाळाची गोष्ट निराळी. आई किंवा बाबा नागरिक अथवा पीआरधारक असतील तर तिथे जन्मलेलं बाळ जन्मतःच ऑस्ट्रेलियन नागरिक असतं आणि रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदांवरूनच त्याची मेडिकेअर नोंदणी होते.

१०. अर्ज फेटाळला, मागे घेतला, किंवा नातं तुटलं तर

अर्ज मागे घेतला किंवा अंतिमतः फेटाळला गेला की अंतरिम पात्रता संपते. नकाराविरुद्ध दाद मागितली असेल, तर त्याची पोच घेऊन कार्डाबद्दल मेडिकेअरला लगेच विचारा. गप्प राहून कार्ड वापरत राहू नका.

नातं तुटलं की सगळं तत्क्षणी संपतं, असं धमकावून अनेकींना, आणि काही पुरुषांनाही, गप्प बसवलं जातं. जोडीदार मेडिकेअर कार्ड रद्द करू शकत नाही. पार्टनर व्हिसाच्या नियमांत कौटुंबिक हिंसाचार सोसलेल्या अर्जदारांसाठी वेगळी तरतूद आहे. नातं संपलं तरी अर्ज पुढे चालू राहू शकतो. मारहाण, पैशांची अडवणूक, पासपोर्ट काढून घेणं, माहेरी फोन करू न देणं, हे सगळं हिंसाचारात येतं. जीपीला सांगितलेली गोष्ट गोपनीय राहते आणि त्याच्या नोंदी पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतात. १८०० ७३७ ७३२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, जिवाला धोका असेल तर ०००. नागपुरातल्या आईवडिलांनीही हे आकडे लिहून ठेवावेत.

११. पीआर आल्यावर

८०१ किंवा १०० मंजूर झाल्याचं पत्र आलं की मेडिकेअरला कळवून हिरवं कार्ड मागवा. कार्ड आपोआप बदलेल असं धरून बसू नका. बँक खातं किंवा पत्ता बदलला असेल तर तोही याच वेळी दुरुस्त करा, आणि नवं कार्ड आलं की त्यावरचा तपशील तुमच्या जीपीच्या दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात नोंदवून घ्या.